पाणी आधी कुणाकडे गेलं? गोसीखुर्द आणि विषमतेचं गणित

(आमच्या पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले "म्हणजे", "बरं का" जरा कमी केलेत, सगळे काढलेले नाहीत.)

आजचा विषय ऐकून पुढच्या भागावर उडी मारू नका. विषय आहे उत्पन्नातली विषमता आणि आर्थिक वाढ. म्हणजे काही लोक फार पुढे गेले आणि बाकीचे मागे राहिले, तर त्यानं देश वेगानं वाढतो की उलट अडखळतो? अर्थशास्त्रज्ञ यावर सत्तर वर्षं भांडतायत. मी त्या भांडणात तुम्हाला थेट नेणार नाही. आधी भंडारा जिल्ह्यात नेणार आहे, पवनी तालुक्यात, वैनगंगेवर.

तिथे एक धरण आहे. सरकारी कागदावर त्याचं नाव इंदिरा सागर, पेपरात गोसीखुर्द, आणि पवनीच्या चहाच्या टपरीवर नुसतं "गोसे". लांबी अकरा किलोमीटरच्या वर. तेहेतीस दरवाजे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की रील्स बनवायला नागपूरहून गाड्या भरून लोक येतात. तुमच्यापैकी काही जण जाऊन आले असतील. आंभोऱ्याचा नवा पूलही बघितला असेल, जिथे पाच नद्यांचा संगम आहे.

या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली, पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते. त्या दिवशी जन्मलेला पोरगा आज पस्तिशी ओलांडून बसलाय. सुरुवातीचा मंजूर खर्च होता सुमारे ३७२ कोटी रुपये. २०१२-१३ च्या दरांनी काढलेला खर्च गेला १८,४९४ कोटींवर. जवळजवळ पन्नास पट. यात महागाईचा भाग मोठा आहे, हे मान्य करू. पण सगळं महागाईवर ढकलता येत नाही, कारण महागाई वाढायला जो वेळ मिळाला तो कामं रखडल्यामुळेच मिळाला.

उद्दिष्ट काय होतं? नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून २ लाख ५० हजार ८०० हेक्टर जमिनीला पाणी. आता मोबाईलचं कॅल्क्युलेटर उघडा. १८,४९४ कोटींना अडीच लाख हेक्टरनं भागा. हेक्टरी साधारण ७ लाख ३७ हजार येतात, म्हणजे एकरी तीन लाखांच्या आसपास. एक एकर धानाच्या बांधीला पाणी पोचवण्याचा हिशोब तीन लाख रुपये. तेही सगळ्या एकरांना पाणी पोचलं तर.

आता मला सांगा, हे तीन लाख "विकास" आहे का?

जीडीपीच्या हिशोबात आहे. सिमेंट ओतलं, वाढ झाली. जेसीबी भाड्यानं लागला, वाढ झाली. काम निकृष्ट निघालं आणि पुन्हा केलं, तरी दोन्ही वेळचा खर्च वाढीतच धरला जातो. आणि धरणामुळे ज्याचं घर बुडालं त्यानं पुनर्वसनाच्या गावठाणात नवं घर बांधलं, तर तीही वाढ. पण बुडालेलं घर कुठे वजा होत नाही. जीडीपीच्या वहीत जमेची बाजू आहे, नावेची नाही. ज्यानं ही राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात बसवली तो सायमन कुझनेट्स स्वतःच सांगत होता की या आकड्यावरून लोकांचं बरंवाईट ठरवू नका. हा माणूस लक्षात ठेवा, थोड्या वेळानं परत येणार आहे.

आधी एक छोटं गणित. एक गाव समजा. दहा घरं. एका घराचं वर्षाचं उत्पन्न दहा लाख, बाकी नऊ घरांचं प्रत्येकी पन्नास हजार. गावाचं एकूण उत्पन्न साडेचौदा लाख. पुढच्या वर्षी पहिल्या घराचं झालं तेरा लाख आणि बाकी नऊ घरांचं घसरून अठ्ठेचाळीस हजार. एकूण किती? सतरा लाख बत्तीस हजार. गावाचा विकासदर निघाला एकोणीस टक्क्यांच्या वर! चीनलाही क्वचितच जमला असा दर. आणि दहापैकी नऊ घरं आधीपेक्षा गरीब.

हे मुद्दाम ताणलेलं उदाहरण आहे. पण यातला कावा समजून घ्या. सरासरी वाढली यातून कोण वाढलं हे कळत नाही. आपल्या राज्यात तर ही गोष्ट जिल्ह्यांच्या पातळीवरही चालू आहे. राज्याच्या उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त वाटा मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोजक्या जिल्ह्यांतून येतो. महाराष्ट्र श्रीमंत आहे म्हणताना त्यात गडचिरोली, गोंदिया, भंडारा, नंदुरबार ही नावं आपल्या डोळ्यासमोर नसतात.

आता परत नदीवर येऊ.

गोसीखुर्दच्या पाण्याखाली किंवा काठावर आलेली गावं ८५ आहेत. भंडारा जिल्ह्यातली ३४, नागपूर जिल्ह्यातली ५१. समजा यातल्या एका गावात तीन घरं आहेत. खरी माणसं नाहीत, पण त्या भागातला कुणीही ऐकत असेल तर त्याला ओळखीची वाटतील.

पहिलं घर, वीस एकरवालं. जुन्या मालगुजाराच्या नात्यातलं. पवनीत एक प्लॉट घेऊन ठेवलेला, एक पोरगा नागपूरला शिकतोय, घरात येणंजाणं असलेला एक वकील. दुसरं घर, तीन एकराचं. सातबारा सामाईक, दोन भावांची आणि आईची नावं एकत्र. तिसरं घर ढिवराचं. सातबारा नाहीच. पावसाळ्यात रोवणीच्या मजुरीला जायचं, हिवाळ्यात डोंग्यातून मासे, आणि पाणी उतरलं की नदीच्या रेतीत डांगरवाडी लावायची. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगतो, डांगरवाडी म्हणजे नदीपात्रातली टरबूज-खरबुजाची शेती. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला जी टरबुजं दिसायची ती तिथली.

धरण आलं. भूसंपादन झालं १८९४ च्या इंग्रजांच्या कायद्यानं. भाव कसा ठरायचा? आसपासच्या खरेदीखतांवरून. आणि खरेदीखतात खरी किंमत कोण लिहितं? स्टॅम्प ड्युटी वाचवायला सगळेच कमी लिहायचे. तोच कमी आकडा मग भरपाईचा पाया.

पण त्या कायद्यात एक दार होतं. कलम १८. भाव पटला नाही तर प्रकरण कोर्टात पाठवा म्हणून अर्ज करता यायचा, आणि त्यासाठी मुदत होती. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. पहिल्या घरातल्या वकिलानं सहा आठवड्यांत अर्ज टाकला. दुसऱ्या घरात दोघं भाऊ बोलतच नव्हते, सह्या कुणाच्या घ्यायच्या यात मुदत निघून गेली. तरी नंतर १९८४ च्या दुरुस्तीनं आणलेलं कलम २८-अ होतं. शेजाऱ्याला कोर्टातून वाढीव भाव मिळाला तर तुम्हीही त्याच भावानं मागू शकता, पण कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत. शेजाऱ्याचा निकाल लागला हे तीन महिन्यांत कळलं तर ना!

आणि तिसरं घर? कलम १८ जमिनीच्या हितसंबंधितांसाठी. ढिवराचं नदीवर हित होतं, पण नदी कुणाच्या सातबाऱ्यावर नसते.

बघा, कायदा एकच. भावाचा पाया एकच. फसवणूक कुणी केली असंही इथे म्हणायची गरज नाही. तरी तीन घरांच्या हातात तीन वेगळ्या गोष्टी आल्या. ज्याच्याकडे आधीपासून होतं त्याला बदलाचा फायदा घ्यायची साधनंही होती. यालाच मी विषमतेचं खरं काम म्हणतो. नुसतं कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी एवढंच नाही. नवीन काही आलं की ते कुठल्या दारात आधी थांबेल हे जुन्या विषमतेनं ठरवून ठेवलेलं असतं.

वेळेचा हिशोबही करून बघा. कंत्राटाची बिलं कामासोबत निघत गेली. बुडणाऱ्या गावांना पैसे तुकड्यातुकड्यानं मिळाले, आणि विशेष पुनर्वसन पॅकेज जाहीर झालं २०१३ मध्ये. सुमारे १,२०० कोटींचं. पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी! कालव्याच्या टोकावरचा शेतकरी तर सगळ्यात शेवटी. एक रुपया १९९० ला मिळणं आणि तोच रुपया २०१३ ला मिळणं यात काय फरक आहे हे ज्यांचा ईएमआय चालू आहे त्यांना मी सांगायला नको.

आता अर्थशास्त्रात जाऊ.

१९५५ साली कुझनेट्सनं एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शेतीप्रधान देश औद्योगिक व्हायला लागला की सुरुवातीला विषमता वाढते. थोडे लोक गाव सोडून कारखान्यात जातात, ते पुढे जातात, बाकीचे मागे राहतात. पुढे बहुतेक लोक शहरात आले, शिकले, संघटित झाले की विषमता कमी होते. आलेख काढला तर उलटा यू. कुझनेट्सनं त्याच लेखात प्रामाणिकपणे लिहिलं की यात पाच टक्के पुरावा आहे आणि पंच्याण्णव टक्के अंदाज. पण पुढच्या लोकांनी ते पंच्याण्णव टक्के विसरून टाकले. "आधी वाढू द्या, वाटप नंतर बघू" हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या पॅनलवर ऐकलं असेल. त्याचं मूळ इथे आहे.

१९७५ मध्ये आर्थर ओकुन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं गळक्या बादलीची कल्पना मांडली. श्रीमंताकडून घेऊन गरिबाला द्यायचं तर ती बादली वाटेत गळते. प्रशासनाचा खर्च, लोकांची काम करायची इच्छा कमी होणं, वगैरे. किती गळती तुम्ही चालवून घ्याल, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. पण गोसीखुर्दच्या कालव्यावर उभं राहिलं की मला वाटतं, गळती फक्त गरिबाकडे जाणाऱ्या बादलीलाच असते असं कुणी सांगितलं? विकासाच्या नावानं वर जाणारी बादलीही तितकीच गळते. तिचे मात्र निबंध कुणी लिहीत नाही.

दुसरी बाजूही ऐका, कारण ती खरी आहे. समानता म्हणजे आपोआप भरभराट नाही. सगळ्यांकडे कोरडवाहू तीन-तीन एकर धान, पाऊस आला तर पीक, नाही तर नागपूरची वाट, ही समानताच आहे. त्यातून कुणाचं पोरगं इंजिनियर होत नाही. कुणीतरी जोखीम घेऊन राईस मिल टाकतो, त्याला नफा मिळतो, तो पुढे जातो. तो नफाच नको म्हटलं तर मिल कोण टाकेल? आणि संशोधनही एका सुरात बोलत नाही. क्रिस्टिन फोर्ब्स यांनी २००० साली दाखवलं की एकाच देशात थोड्या काळापुरतं पाहिलं तर विषमता वाढण्यासोबत वाढीचा वेगही वाढलेला दिसतो. त्याच वर्षी रॉबर्ट बॅरो यांना दिसलं की गरीब देशांत विषमता वाढीला मारक आणि श्रीमंत देशांत उलट. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी बऱ्याच देशांची आकडेवारी तपासून सांगितलं की विषमता कमी असलेल्या देशांत वाढ जास्त वेगवान आणि जास्त टिकाऊ असते, आणि माफक पुनर्वाटपानं वाढीला सहसा धक्का बसत नाही. नाणेनिधी म्हणजे काही डाव्यांचा अड्डा नव्हे, म्हणून त्याची चर्चा जास्त झाली.

माझं मत विचाराल तर "विषमता चांगली की वाईट" हा प्रश्नच मोघम आहे. विषमता कशातून आली ते विचारा. मिल टाकून आलेली वेगळी, आणि सहा आठवड्यांची मुदत फक्त एकालाच माहीत होती यातून आलेली वेगळी. पहिलीनं गावात काहीतरी नवं उभं राहतं. दुसरीनं फक्त वाटा सरकतो.

आणि दुसऱ्या प्रकारची विषमता वाढीचाच गळा कसा धरते याचा एक जबरदस्त पुरावा आपल्याच राज्यात आहे. विदर्भात नाही, ऊसपट्ट्यात. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज राय या चौघांनी महाराष्ट्रातल्या जवळपास शंभर सहकारी साखर कारखान्यांचे १९७१ ते १९९३ या काळातले आकडे तपासले. शोधनिबंध २००१ मध्ये आला. कारखाना सहकारी, म्हणजे लहान-मोठा प्रत्येक सभासद मालक. उसाला भाव सगळ्यांना सारखाच द्यावा लागतो. मग संचालक मंडळावर पकड असलेल्या बड्या बागायतदारानं फायदा कसा काढायचा? भावच कमी ठेवायचा. त्याचा स्वतःचा ऊसही त्याच भावानं जातो, थोडं नुकसान होतं, पण कारखान्यात जी रक्कम मागे उरते तिच्यावर ताबा त्याचा. लहान शेतकऱ्याचा मात्र निव्वळ तोटा. तो मग ऊस कमी लावतो. ऊस कमी म्हणून कारखाना जितका मोठा व्हायला हवा तितका होत नाही. अभ्यासात आकड्यांनीही हेच दाखवलं. जिथे लहान शेतकऱ्यांच्या जोडीला बडे शेतकरी जास्त आले, तिथे भावही घटला आणि कारखान्याची क्षमताही. म्हणजे इथे वाटणी बिघडली आणि भाकरीही लहान झाली. "आधी केक मोठा होऊ द्या" म्हणणाऱ्यांना हा निबंध पाठवा.

धरणांवरही असाच एक अभ्यास आहे आणि तो मला गोसीखुर्दसाठीच लिहिल्यासारखा वाटतो. एस्थर डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी २००७ मध्ये भारतातल्या मोठ्या धरणांचा जिल्हावार परिणाम तपासला. डुफ्लोंना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, बॅनर्जी आणि क्रेमर यांच्यासोबत. निष्कर्ष साधा आहे. धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत शेतीचं उत्पादन वाढलं, दुष्काळाचा तडाखा कमी झाला, गरिबी घटली. आणि ज्या जिल्ह्यात धरण बांधलं तिथे? उत्पादनात म्हणण्यासारखी वाढ नाही, आणि ग्रामीण गरिबी वाढली. सगळी बेरीज केल्यावर देशात धरणांनी गरिबी एकूण वाढवली असा त्यांचा अंदाज. थांबा, लगेच "धरणं पाडा" म्हणू नका. त्यांचा मुद्दा असा की फायदा झालेल्यांकडून नुकसान झालेल्यांना पुरेशी भरपाई देणं शक्य होतं. पण ती व्यवस्था नव्हती. आणि जिथे जुन्या काळी जमीनदारी पद्धत होती तिथे गरिबीचा फटका जास्त बसला.

जमीनदारी म्हटलं की आपल्याला बिहार-बंगाल आठवतो. पण भंडारा हा जुन्या मध्य प्रांताचा भाग, इथे मालगुजारी होती. बाजूला अमरावती-अकोल्याकडे, म्हणजे वऱ्हाडात, रयतवारी. एकाच विदर्भात दोन वेगळ्या रचना. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारजमा झाले, म्हणून तर आपण आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव, "मामा तलाव" म्हणतो. कागद बदलला. पण गावात तलाठ्याच्या खुर्चीशेजारी कोण बसतो, हे काही एका कायद्यानं बदलत नाही.

अजून एक धागा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बँक. १९९३ मध्ये ओडेड गॅलोर आणि जोसेफ झीरा या दोघांनी सिद्धांत मांडला की गरीब माणूस मागे राहतो तो डोक्यानं कमी म्हणून नव्हे, तर त्याला कर्ज मिळत नाही म्हणून. तारण नाही, म्हणून कर्ज नाही. कर्ज नाही, म्हणून शिक्षण नाही. अशी हजारो डोकी वाया गेली की तोटा अख्ख्या देशाचा. आता विस्थापिताचा विचार करा. तीन एकर गेले, त्यासोबत सातबारा गेला. सातबारा गेला म्हणजे पीककर्ज गेलं, सोसायटीचं सभासदत्व गेलं, धानाचा बोनस गेला. हातात रोख आली. रोख रकमेला बँक तारण मानते खरी, पण ती घरात टिकली तर! घर बांधायचं, पोरीचं लग्न, आजारपण. लोकांना पैसे वापरता येत नाहीत असं शहरातले लोक फार सहज म्हणतात. मी म्हणतो, तुमचा फ्लॅट, नोकरी आणि सोसायटी एकाच महिन्यात काढून घेतली आणि हातात एक चेक दिला, तर तो चेक तुम्ही म्युच्युअल फंडात टाकाल की आधी छप्पर शोधाल?

म्हणूनच राज्याच्या १९८६ आणि १९९९ च्या पुनर्वसन कायद्यांतली एक कल्पना मला आवडते. ज्यांना धरणाचं पाणी मिळणार त्या लाभक्षेत्रातली काही जमीन विस्थापितांना द्यायची. म्हणजे ज्यानं गमावलं त्याला पुढच्या वाढीत भागीदार करायचं. २०१३ चं पॅकेज मुख्यतः रोखीचं होतं. यातली एक व्यवस्था माणसाला भागधारक करते, दुसरी त्याला हिशोब चुकता करून मोकळी होते.

आणि नंतर काळ बदलला की भावही कसा बदलतो बघा. समृद्धी महामार्गासाठी थेट खरेदीनं जमीन देणाऱ्यांना पाचपट मोबदला मिळाला. त्या शेतकऱ्यांना मिळाला ते चांगलंच झालं. पण नागपूरपासून तासा-दोन तासाच्या अंतरावर, त्याच राज्यात, त्याच प्रकारच्या कामासाठी, वीस-पंचवीस वर्षं आधी जमीन दिली म्हणून दुसऱ्या शेतकऱ्याच्या हाती फार कमी आलं.

आता कुणीतरी म्हणेल, मग वाटप करून वाढ झाली असं एक तरी उदाहरण दे. देतो. तुमची सॅलरी स्लिप उघडा. महाराष्ट्रात नोकरी असेल तर बहुतेकांना "पीटी" म्हणून दरमहा २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर. १९७५ चा कायदा आहे. तो बसवला कशासाठी ठाऊक आहे? रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची कल्पना राज्यभर राबवली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं, त्यातून गावात मागेल त्याला काम. बादली गळली का? गळली, खोट्या हजेऱ्याही झाल्या. पण त्याच पैशातून बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते झाले. १९९० पासून फळबाग लागवडही त्याच योजनेला जोडली गेली आणि महाराष्ट्रात फळबागांचं क्षेत्र भराभर वाढलं. डाळिंब, आंबा, संत्री. वाटपातून उभी राहिलेली वाढ अशी दिसते. पुढे २००५ मध्ये देशानं हाच धडा रोजगार हमीच्या कायद्यासाठी घेतला.

देशपातळीवरचे आकडे थोडक्यात सांगतो, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा होता. आणि सरकारी उपभोग खर्चाचं सर्वेक्षण सांगतं की विषमता कमी झाली. ग्रामीण भागाचा गिनी गुणांक २०११-१२ मध्ये ०.२८३ होता, तो २०२२-२३ मध्ये ०.२६६ झाला. मग खोटं कोण? कुणीच नाही. एकानं उत्पन्न मोजलं, दुसऱ्यानं खर्च. श्रीमंत माणूस कमावतो त्यातला छोटा भाग खर्च करतो, गरीब जवळजवळ सगळा. शिवाय अँटिलियात सर्वेक्षणाला कोण जातो! व्हॉट्सअ‍ॅपवर विषमतेचा आकडा आला की आधी बघा, मोजलं काय आहे.

पाणी आणि विषमतेची अजून एक गोष्ट आहे, तिचा वेगळा भाग करायला हवा. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येतं, म्हणजे गोसीखुर्दच्या जलाशयात. पाण्यावर जलपर्णी, आपल्याकडे इकॉर्निया म्हणतात, तिचा हिरवा गालिचा पसरतो. शहराच्या वाढीचा खर्च खालच्या अंगाच्या ढिवराच्या जाळ्यात जमा होतो. शहराच्या जीडीपीत तो कुठेच धरलेला नाही.

आता शेवटचा भाग, आणि हा इतिहास नाही, पुढचं आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारनं २०२४ मध्ये मान्यता दिली. पाणी उचलायचं गोसीखुर्दमधूनच. चारशे किलोमीटरहून लांब जोडकालवे, नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि शेवटी बुलढाणा. खर्च ऐंशी हजार कोटींच्या वर. पश्चिम विदर्भाला पाणी हवंच आहे. तिथल्या शेतकऱ्याची अवस्था वेगळी सांगायला नको. पण कालवे जमिनीतूनच जाणार. त्या वाटेवर पुन्हा तीच तीन घरं असतील.

यावेळी कायदा वेगळा आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा. त्यात "बाधित कुटुंब" या व्याख्येत ज्याच्या नावावर जमीन नाही तोही बसू शकतो. शेतमजूर, बटईवाला, कारागीर. मासेमार आणि नावाडीही स्पष्टपणे लिहिलेत. अट एक, संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या जागेवर उपजीविका चालत होती हे दिसलं पाहिजे. कोण बाधित हे शोधायला सामाजिक परिणामांचा अभ्यास करायचा असतो, पण राज्यानं २०१८ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट द्यायची मुभा स्वतःकडे घेतलीय. त्यामुळे तुमच्या गावात असा अभ्यास होणार की नाही हे ग्रामसभेत लेखी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आणि तीन वर्षांचा पुरावा म्हणजे काय? मच्छीमार सोसायटीची पावती. डांगरवाडीसाठी काही रक्कम भरली असेल तर त्याचा कागद. रोहयोचं जॉब कार्ड. बटईचा साध्या कागदावर का होईना पण साक्षीदारांच्या सह्यांचा करार. सामाईक सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली नसतील तर फेरफार आत्ताच, भावाभावांत बोलणं असेपर्यंत. हे सगळं फोनमध्ये स्कॅन करून ठेवा, घरातल्या दोन जणांच्या फोनमध्ये. त्या पट्ट्यातले श्रोते असाल तर आई-बाबांना आज संध्याकाळी हे कागद कुठे आहेत एवढंच विचारा, आणि काय सापडलं ते मला व्हॉईस नोटवर सांगा. पुढचा भाग त्यावरच करू.